सात दिवसांचं थँक यू

पापनिवेदनात माझा हात कुणी धरू शकत नाही. वय वर्षं सोळा, अनुभव वर्षं आठ. माझी तीन पापं ठरलेली आहेत : चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत लक्ष नव्हतं, ताईशी भांडले, अभ्यास झाला म्हणून खोटं सांगितलं. जाळीपलीकडचे आमचे म्हातारे फादर अर्ध्या डुलकीत असायचे. माझी यादी संपली की ते प्रायश्चित्त म्हणून ‘तीन नमो मरिया म्हण’ असं सांगायचे आणि मी चार मिनिटांत बाहेर. पापं खोटी नव्हती बरं का. तिन्ही मी दर आठवड्याला नव्याने, इमानेइतबारे करत होते.

त्या शनिवारी संध्याकाळी सहाला मी गेले तेव्हा दमलेली होते. तशी मी कायमच दमलेली असते. शाळा, क्लास, क्वायरची प्रॅक्टिस, आणि हे सगळं बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरून. गुडघे टेकले, यादी म्हणून टाकली, आणि नमो मरियांची वाट बघत बसले.

“आणि घरी?” जाळीतून आवाज आला.

म्हातारे फादर नव्हतेच ते. नवे आले होते, आणि चक्क जागे होते.

“घरी काय, फादर?”

“घरच्यांशी कशी वागतेस?”

असा आडवा प्रश्न आला की माणसाची भंबेरी उडते. माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. माझी आई हॉस्पिटलच्या कापडखोलीत कामाला आहे. दिवसभर चादरींच्या घड्या घालते आणि घरी येऊन आमच्या घालते. शुक्रवारी तिच्या जोडीदारणीने दांडी मारली म्हणून तिला दोन पाळ्या कराव्या लागल्या. तरी आल्यावर तिने माझा क्वायरचा पांढरा ड्रेस इस्त्री केला, आणि त्यासाठी खुर्चीवरचे माझे प्रोजेक्टचे कागद उचलून बाजूला ठेवले. त्याच शनिवारी सकाळी मला दोन कागद दुमडलेले दिसले. मी ओरडले, “तुला कुणी सांगितलं होतं?”

आईने इस्त्रीची वायर गुंडाळली आणि चहा टाकायला गेली. उलट बोलली असती तर बरं झालं असतं. दिवसभर मला माझंच ते वाक्य ऐकू येत होतं.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सात दिवस. घरात तुझ्यासाठी कुणी काहीही केलं की तिथल्या तिथे थँक यू म्हणायचं. मनात नाही, तोंडाने. आणि का म्हणतेस ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस की प्रायश्चित्ताची जाहिरात होते.”

“एवढंच?” मी विचारलं. माणसाने असं कधीही विचारू नये.

आमच्या घरात आभार मानत नाहीत. आभार समारंभाच्या शेवटी मानतात, लोक चपला शोधत असताना. त्यामुळे त्या संध्याकाळी आईने ताट पुढे ठेवलं आणि मी “थँक यू, आई” म्हटलं, तेव्हा तिने आधी माझ्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. मग तिने खुर्चीत बसलेल्या पप्पांकडे बघितलं आणि मला विचारलं, “किती विषयांत?”

“काय किती विषयांत?”

“नापास.”

पप्पा लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की त्याच्याशी बोलत राहायचं असतं, म्हणजे तो घाबरत नाही. त्यांचं सगळं बोलणं तिथेच खर्च होतं. घरी शिल्लक काही उरत नाही. रविवारी त्यांनी माझ्या दप्तराची चेन बसवून दिली. मी म्हटलं, “थँक यू, पप्पा.”

“काय मोडलंस?” पप्पा म्हणाले.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. आम्हा दोघींत एक खोली आणि एक कपाट. तिने माझा गजर बंद केला, मी तिला थँक यू म्हटलं, तर ती अंथरुणात उठून बसली. “कोण आहे तो?” तिने विचारलं. “नाव सांग. चष्मा आहे का त्याला?”

सोमवारी सकाळी साडेसातपर्यंत माझं चौदा वेळा थँक यू म्हणून झालं होतं. त्यातले बारा आईचे. पाणी तापवलं, थँक यू. डबा भरला, थँक यू. मोज्याचा जोडीदार पलंगाखालून शोधून काढला, थँक यू. मी अजून नीट जागीसुद्धा नव्हते आणि माझ्या घशाला कोरड पडली होती. प्रत्येक वेळी आई माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिची कुठली तरी वस्तू लपवली आहे. “घरातल्या माणसाचे आभार मानतात का गं?” ती शेवटी म्हणाली. “मी काय परकी आहे?” सांगायची सोय नव्हती. मी तिला प्रश्न विचारल्याबद्दल थँक यू म्हणता म्हणता थांबले.

बुधवारी तिने माझं दप्तर तपासलं. चिठ्ठी नाही, फोटो नाही, लपवलेली उत्तरपत्रिका नाही. मिळालं एवढंच : भूगोलाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं एका संतिणीचं चित्र. आईने सुतावरून स्वर्ग गाठला. माणूस सगळ्यांचे आभार मानत कधी सुटतो? घर सोडून जाताना! आणि अंगावर कायम थकवा, चेहरा उतरलेला, पुस्तकात संतीण. पोरगी घरदार सोडून कॉन्व्हेंटच्या मठात सिस्टर व्हायला निघाली होती.

गुरुवारी आई नव्या फादरांना भेटायला गेली. सोबत ताई होती, तिने मला नंतर सगळं सांगितलं.

“फादर, धाकटी सारखी थँक यू म्हणते.”

“बरं.”

“तुमच्याकडे काही बोलली का ती?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“ती कॉन्व्हेंटमध्ये जायचं म्हणतेय का?”

“मला काहीच सांगता येणार नाही.”

पापनिवेदनात ऐकलेलं फादर जीव गेला तरी बाहेर काढत नाहीत. हे आईला पक्कं ठाऊक आहे, तिनेच मला शिकवलंय. पण वाटेत ती ताईला म्हणाली, “तसं काही नसतं, तर सरळ नाही म्हणाले नसते?” आणि तिथेच रस्त्याच्या कडेला उभी राहून पदराने डोळे पुसले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं की घरातले सगळे अचानक माझं जास्तच करायला लागले आहेत. आईने माझं अंडं सोलून दिलं. ताईने खिडकीजवळची जागा दिली, मग टेप आणून कपाटातला माझा खण मोजला. पप्पांनी न सांगता खोलीच्या दाराला तेल घातलं. जितकं ते करत, तितकं मला थँक यू म्हणावं लागे. आणि जितकं मी म्हणे, तितकी त्यांची खात्री पटे. शुक्रवारपर्यंत माझा आवाज बसला. क्वायरच्या बाईंनी मला नुसतं तोंड हलवायला सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ बसले.

“तिथे लिफ्ट आहे का?” त्यांनी विचारलं.

“कुठे?”

“कुठेही. बंद पडली, तर मला बोलवायचं. मी येईन.”

“थँक यू, पप्पा,” मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. पप्पा उठून बाहेर गेले आणि तिथे उगाच जिन्याचा दिवा काढून परत बसवत राहिले.

शनिवारी चार वाजता आमच्या धर्मशिक्षणाच्या सिस्टर घरी आल्या. मी क्लासहून आले तर सगळे ओळीने बसलेले, पप्पा इस्त्रीच्या शर्टात. टेबलावर चादर, हॉस्पिटलच्या घडीची.

“आई म्हणते, तुला आमच्याकडे यायचंय,” सिस्टर म्हणाल्या.

“कधी? आता? मी आत्ताच आलेय, सिस्टर.”

“कायमची.”

मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. पप्पा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. “मी?” मी म्हटलं. “सिस्टर, मला सकाळी सहाला उठवत नाही!”

“मग हे थँक यू कशासाठी?” आई म्हणाली. “आठवडाभर जीव टांगणीला लावलास. काय आहे ते सांग एकदा.”

मी घड्याळ बघितलं. सव्वाचार. पावणेदोन तास राहिले होते, आणि ते संपले तरी कारण सांगायचं नव्हतंच. “आई, मला सांगता येणार नाही.”

“बघा!” आई सिस्टरना म्हणाली. “अगदी फादरांसारखीच बोलायला लागलीय.”

सिस्टरनी कप खाली ठेवला. “पापनिवेदन कुणाकडे केलं होतंस? नव्या फादरांकडे?”

मी छताकडे बघितलं.

“हं,” सिस्टर म्हणाल्या. “आम्ही नऊ जणी गेलो होतो त्यांच्याकडे. तेव्हापासून जेवताना मीठ इकडून तिकडे गेलं की नऊ थँक यू होतात, तोवर सूप गार. आमच्या स्वयंपाकीणबाई दोन दिवस रडतायत. त्यांना वाटतंय, आम्ही त्यांना निरोप देतोय.”

मग ताई म्हणाली, “म्हणजे खण रिकामा नाही होणार?” पप्पांनी इतका वेळ हातात धरलेला चहा एका दमात पिऊन टाकला. तो कधीचा थंड झाला होता.

सिस्टर गेल्यावर आई दोरीवरच्या चादरी काढायला लागली. मी दुसरी दोन टोकं धरली. सहा वाजून गेले होते.

“म्हणजे फादरांनी प्रायश्चित्त लावलं म्हणून म्हणत होतीस,” आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“पहिले तीन दिवस.”

“आणि मग?”

“मग लक्षात यायला लागलं.”

“काय?”

“किती वेळा म्हणावं लागतंय ते.”

आम्ही टोकाला टोक जुळवलं. मग मला राहवेना. जाहिरात तर जाहिरात. “आई, गेल्या शनिवारी सकाळी मी तुला ते बोलले ना, त्याचं मला फार वाईट वाटत होतं.”

“काय बोलली होतीस?”

“‘तुला कुणी सांगितलं होतं’ असं.”

आईने आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. मग म्हणाली, “त्यात काय? ते तर तू रोजच म्हणतेस.”

मी ते एकदाच केलेलं पाप म्हणून सांगून आले होते. चादरीचं टोक माझ्या हातातून सुटलं. आईने ते उचललं, झटकलं आणि परत माझ्या हातात दिलं. मी थँक यू म्हटलं. ते मात्र कुणी लावलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी आई पापनिवेदनाला जाऊन आली. बहुतेक दप्तराचं सांगितलं असावं. रविवारी सकाळी तिचे हात पिठात होते, दूध उतू चाललं होतं, आणि मी अर्धवट झोपेत जाऊन गॅस बंद केला.

“थँक यू,” आई म्हणाली, कडू काढा गिळल्यासारखं तोंड करून.

आणि मी, जिचं प्रायश्चित्त नुकतंच झालं होतं, जांभई देत म्हणाले, “तुला कुणी सांगितलं होतं?”

आई पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ आधी घट्ट मिटले, मग हलायला लागले.

“ते,” आई म्हणाली, “मला सांगता येणार नाही.”

माझी ठरलेली पापं आता चार झाली आहेत. नव्या फादरांच्या रांगेत हल्ली माझ्यापुढे पप्पा असतात.