दीडचं फाटक

रविवारी दुपारी दीड वाजला की वानखेडेकाका स्वतःच्या घराचं फाटक धाडकन लावतात. मग बाहेर कुरियरवाला असो की सख्खा भाऊ, आत घेत नाहीत. "दीड म्हणजे दीड," एवढंच बोलतात.

प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीला याची सवय आहे. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींचा हा सराव. केंद्राचं फाटक दीडला बंद होतं आणि मग कुणाच्या बापाला उघडत नाही. काका विमा कचेरीतून निवृत्त झालेले, घरात एकटेच. जीवशास्त्राचं अक्षर येत नाही. "अभ्यास मास्तर पाहून राहिले ना, मी फाटक पाहतो," म्हणतात.

यंदा माझी सई त्यांच्या तावडीत सापडली. लाटणं हे तपासणीचं यंत्र समजून ते तिच्याभोवती फिरवायचे आणि कानातलं काढायला लावायचे. तिच्या वाढदिवसाच्या कुर्त्याची मोठाली बटणं तर कात्रीनं कापलीच, चालत नाहीत म्हणून. मी भडकले. तर मलाच म्हणाले, "काहून चिडता वं ताई, गेटावर कापतील त्यापेक्षा मी बरा." एप्रिलच्या उन्हात आम्हाला केंद्रापर्यंत नेऊन आणलं, कुठल्या चौकात गाड्या तुंबतात ते दाखवायला. अस्सा माणूस!

हसत होते मी, पण वरवर. गेल्या वर्षी सईचं थोडक्यात हुकलं, तेव्हापासून पोरगी नीट जेवत नव्हती. यंदाही हुकलं तर ती उभी राहील की नाही, याची मला भीती वाटायची. हे तिच्या बाबांनाही मी बोलले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी आम्ही भल्या सकाळी निघालो. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेले. वेळ भरपूर होता, म्हणून मी म्हटलं, टेकडीच्या गणपतीला नुसता हात जोडून जाऊ. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही. ताई, पाया पडतो तुमच्या, कुठंच थांबायचं नाही."

त्यांची ती अवस्था पाहून मीच घाबरले आणि गणपतीला गाडीतूनच नमस्कार केला.

सई वेळेच्या कितीतरी आधी आत गेली. वळून पाहिलंसुद्धा नाही. दीडला पहारेकऱ्यानं फाटक लावलं, तेव्हा माझा श्वास जागेवर आला. चला, कुठं तरी चार घास खाऊ, म्हटलं. काकांनी पिशवीतून छत्री आणि पाण्याची बाटली काढली.

"तुम्ही जा. मी थांबतो. एक जण तरी उशिरा येतेच."

बाप्पा, आली की हो! सईच्याच वयाची पोरगी, तुटकी चप्पल हातात घेऊन, मे महिन्यातल्या डांबरावर अनवाणी पळत. मागे पंक्चर झालेली गाडी ढकलत बाप. पहारेकऱ्यानं हात जोडले आणि मान हलवली. पोरगी फाटकाचे गज धरून उभी राहिली. रडेना. माझ्या काळजाचं पाणी झालं. बापाचा मात्र तोल गेला. आवरायला एवढा वेळ काहून लावला म्हणून तिच्यावरच ओरडू लागला.

काका मधे गेले. पोरीवर छत्री धरली, बाटली तिच्या हातात दिली.

"तिले बोलू नका भाऊ. मी बोललो होतो माझ्या पोरीले. दर्शनाले मीच थांबवलं, अन् फाटक बंद झाल्यावर घरापर्यंत तिलेच रागावलो. आता मिहानमधल्या कंपनीत नोकरी करते माझी मोनाली. चांगलं चाललं तिचं."

बापाचा आवाज खाली आला. "मग ती काय म्हणाली तुम्हाले?"

"काहीच नाही म्हणाली. इतकी वर्षं झाली, याच गावात राहते, सणाले डबा पाठवते. पण बोलत नाही माझ्याशी."

बाप स्वतःच्या पायातल्या चपला काढून खाली बसला, आणि पोरीचा एकेक पाय उचलून तिला घालू लागला. ती आता रडत होती. काका त्या दोघांवर छत्री धरून, स्वतः उन्हात उभे होते.