साडेसात घागरी कोरडेपणा

कोणतीही वस्तू कोरडी आहे की नाही, हे ती वस्तू स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी समिती लागते. सन १८९१च्या वैशाखात ठाण्यास अशी समिती होती, हे त्या गावाचे भाग्य.

कलम १. समितीने बलून शिवून घेतले असून ते ठाण्याहून खाडीवरून कळव्यास जाईल. त्यात हायड्रोजन वायू भरावयाचा. तो लोखंडाच्या किसावर तेजाब ओतून निघतो, पण ओला निघतो; आणि ओला वायू जड. म्हणून तो तांब्याच्या वेटोळ्या नळीतून न्यावा व नळी बर्फाने भरलेल्या पत्र्याच्या टाकीत बुडवावी. थंडीने वाफेचे पाणी होऊन नळीच्या तळाशी उतरते. (बर्फ मुंबईहून रेल्वेने, भुशातून येतो. अर्धा येतो.)

कलम २. वायू निसटू नये म्हणून नळीच्या तळाची तोटी घट्ट बंद ठेवण्यात आली. टाकीच्या बुडाखाली घागर ठेवण्यात आली. पहिल्याच दिवशी घागर भरली. टाळ्या. सहा दिवसांत साडेसात घागरी.

(कलम ३ व ४ कागद भिजल्यामुळे वाचता येत नाहीत.)

कलम ५. बलुनात बसावे कोणी? अकरा सभासदांची वजने घेण्याचा ठराव नामंजूर झाला. कळव्याच्या मिठागरातला धाकू सर्वांत हलका ठरला. त्याला आपले मिठाचे वाफे वरून बघायचे होते. त्याला पोहता येत नव्हते. ही दुसरी गोष्ट समितीस त्याची बायको हौसाबाई हिने कळवली.

कलम ५ (अ). हौसाबाईने पदरातून मिठाचे खडे काढून बलुनात जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी धरले. खडे पाझरले.

"सायेब, तुमचा वायू वलाच हाय."

"बाई, साडेसात घागरी पाणी काढलंय त्यातून!" चिटणीस मारुतराव म्हणाले.

"घागरीतला पानी भायेरच्या वाऱ्याचा. आमचे थंड मडक्याला पन असाच घाम सुटतं. वायूतला पानी आतच हाय. तोटी कोनी बंद केली?"

"हौसे, गप ऱ्हा गो," धाकू बलुनाच्या टोपलीतून ओरडला. "मना वाफं बघायचं हायेत!"

"बग, बग. खाडीच्या तलाशी जाऊन बग."

मीठ हे समितीचे सभासद नसल्याने त्याची साक्ष नोंदवली नाही.

कलम ६. बलून तीन पुरुष उंच चढले, खाडीच्या मध्यावर आले आणि बसले. तिथे हौसाबाई आधीच होडी घेऊन थांबली होती. तिने धाकूला शेंडी धरून वर ओढले.

"दिसलं का वाफं?"

"एक दिसला," धाकू खोकत म्हणाला.

तो नखशिखांत ओला होता. ही ओल नळीतून आलेली नसल्याने साडेसात घागरींत धरलेली नाही.

कलम ७. समितीस हसणाऱ्या वाचकास नम्र सूचना. तोटी बंद होती व घागर टाकीच्या बाहेर होती, हे कलम २ मध्ये स्वच्छ छापले आहे. ते वाचताना आपण काही हरकत घेतल्याचे ऐकू आले नाही. धाकू तेव्हा अजून जमिनीवर होता.

सबब आपणांस समितीचे बारावे सभासद करून घेण्यात आले आहे.