खोब्रागडे भाऊंचा न संपणारा डाव

खोब्रागडे भाऊंनी आजवर रोम घेतलं, चीन घेतला, एकदा तर उत्तरेकडच्या बर्फावरही आपला झेंडा रोवला. पण राज्य कुठंही मांडलं तरी त्यांच्या राजधानीचं नाव एकच असतं, धानोरा.

कारण विचारलं तर म्हणतात, "मॅडम, खऱ्या धानोऱ्याले अजून रेल्वे नाई भेटली. इथी तरी राजधानी होऊ द्या ना बिचाऱ्याले."

दुसरं शहर वसवलं की त्याचं नाव येरकड, तिसऱ्याचं मुरुमगाव, गडचिरोलीच्या बसचे थांबे येतात त्याच क्रमानं. तो रस्ता संपला की मग चामोर्शी, आष्टी, आलापल्ली. त्यामुळे आम्ही खेळणारी मंडळी 'राज्य केवढं झालं?' असं विचारतच नाही. 'भाऊ, बस कुठवर गेली?' एवढं विचारलं की पुरतं.

हे सगळं चालतं ते कॉम्प्युटरवर. 'क्राउन अँड प्लाऊ' नावाचा एक राज्य वसवण्याचा खेळ आहे. त्याचे आजवर सहा भाग आले. हे नाव घ्यायला आमच्याकडं कोणाची जीभ वळत नाही, म्हणून सगळे त्याला नांगर म्हणतात. नांगर दोन, नांगर चार, असं. त्यातला चौथा भाग भाऊंच्या मते माणसाच्या बुद्धीची शेवटची पायरी. त्यानंतर जे आलं ते सगळं "नुसती रंगरंगोटी, याची नोंद घ्यावी."

'नोंद घ्यावी' हे त्यांच्या तोंडात बसलेलं आहे, कारण भाऊ गडचिरोलीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहेत. काचेच्या खिडकीआड बसून माईकवर बस सांगतात. माईक चालू असला की त्यांची भाषा इस्त्रीची असते. "एटापल्लीकडे जाणारी बस फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी." माईक बंद झाला की तेच भाऊ खिडकीतून अर्धे बाहेर. "ओ बाई, तिकडं कुठी चालल्या? गाडी इकडं हाये ना!" खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी 'बसा' म्हणतात. बसायला तिथं काहीही नाही.

माझी आणि त्यांची ओळख सहा वर्षांपूर्वीची. मी चंद्रपूरची. लॅब टेक्निशियन म्हणून मला नोकरी लागली ती एटापल्ली तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर तिथल्या लोकांना वाटेल मी गावाला नावं ठेवते आहे. गाव चांगलंच होतं. वाईट होते मी. संध्याकाळी केंद्र बंद झालं की बोलायला माणूस नाही, गोंडी मला येत नाही, मोबाईलला रेंज हवी तर शाळेमागच्या टेकाडावर चढायचं. पहिल्या दोन महिन्यांतच मी राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवला होता. फक्त तारीख घालायची बाकी होती.

अशाच एका सुट्टीनंतर गडचिरोलीला बसची वाट पाहत मी बाकावर लॅपटॉप उघडून नांगर चार खेळत बसले होते. मागून आवाज आला, "किल्ला तिथी नका बांधू, मॅडम. नदीच्या अलीकडं बांधा."

मी वळून पाहिलं. खाकी कपडे, नाकावर घसरलेला चष्मा, हातात बसच्या वेळांचा कागद. मी म्हटलं, "आणि बस आली तर?"

"बस मी सांगन तवा येते," भाऊ म्हणाले. "बांधा आरामानं."

त्या दिवशी त्यांनीच ती युक्ती काढली. हा खेळ पाळीपाळीनं खेळायचा असतो. मी माझी पाळी खेळायची, डाव पेन ड्राइव्हवर घालायचा आणि पेन ड्राइव्ह बसनं पाठवायचा. आमच्याकडं बसनं डबे जातात, औषधं जातात, लग्नाच्या पत्रिका जातात. राज्य का जाऊ नये? सोमवारच्या बसनं भाऊंची पाळी यायची, ड्रायव्हर खिशातून औषधाच्या गोळ्यांची जुनी प्लास्टिकची डबी काढून माझ्या हातात ठेवायचा. गुरुवारच्या बसनं माझी पाळी परत. आठवड्याला एक चाल. आमच्या राज्यात पेरलेलं धान उगवायला खऱ्या शेतापेक्षा जास्त वेळ लागत असे.

डबीत पेन ड्राइव्हसोबत एक चिठ्ठीही असायची. 'पाणी उकळून प्यावे.' 'आष्टीकडून ढग येत आहेत.' एकदा लिहिलं होतं, 'नाल्याला पूर येणार, धान्य साठवून ठेवावे.' हे खेळातल्या राज्यासाठी की माझ्यासाठी ते कळेना. मी दोन्हीकडं साठवलं. खेळात पूर आला नाही, पण गावात बस नऊ दिवस आली नाही आणि माझ्याकडं तांदूळ होता.

डावाला पासवर्ड लावू म्हटलं तर भाऊ दुखावले. "एसटीत डब्याले कुलूप लावते का कोनी? दुसऱ्याच्या पाळीत पाहाचं नाई, बस." आणि आम्ही कोणी पाहत नव्हतो.

मग एकदा नवा ड्रायव्हर आला. त्याला भाऊंनी सांगितलं, दवाखान्यात द्या. त्यानं इमानानं दवाखान्यात दिली, पण जनावरांच्या. तिथले डॉक्टर मडावी बैलाच्या खुराला औषध लावून मोकळे झाले होते. त्यांनी डबी उघडली, पेन ड्राइव्ह लावला, पाहतात तर कॉलेजात असताना खेळलेला खेळ! माणसानं काय करावं? माझी पाळी खेळून टाकली. माझे सगळे हत्ती घेऊन भाऊंच्या चामोर्शीवर चढाई केली आणि डबी परत पाठवली.

पुढच्या सोमवारी डबी माझ्याकडं नीट आली. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'मॅडम, काऊन रागावल्या? तब्येत बरी आहे ना? माझं काही चुकलं असल्यास क्षमस्व.' मला काहीच उमजेना. चामोर्शी जळत होती आणि माझे हत्ती तिथं उभे होते. उलगडा व्हायला तीन आठवडे लागले. डॉक्टर स्वतःच केंद्रात आले, ओशाळून म्हणाले, "मॅडम, ते हत्ती माये होते." तेव्हापासून ते डावात तिसरे राजे. माणूस तसा सरळ, फक्त हत्ती दिसले की त्यांना राहवत नाही.

पुढं चंद्रपूरचे काही खेळणारे मिळून मोबाईलवर 'नांगर मंडळ' नावाचा ग्रुप झाला. आणि यंदा त्या ग्रुपवर आग लागली, कारण नांगर सात येणार अशी बातमी आली.

चंद्रपूरवाले खूश. डॉक्टर मडावी तर नव्या खेळाच्या जाहिरातीतलं हत्तींचं दृश्य दिवसातून चारदा टाकायचे. भाऊ मात्र पेटून उठले. पहिला आक्षेप जंगलाचा. "जंगल कापल्याबिगर काई देतच नाई म्हनते हा खेळ! मंग मोहफूल, चारोळी, तेंदूपत्ता हे काय आभाळातून पडते?" त्यांनी कंपनीला रीतसर पत्र लिहिलं. वर 'विषय', खाली 'संदर्भ', महोदय, आपला विश्वासू, सगळं मराठीत. कंपनीकडून दोन मिनिटांत आपोआप येणारं आभाराचं उत्तर आलं. भाऊंनी त्याची प्रत काढून खिडकीच्या काचेवर आतून चिकटवली.

डॉक्टर स्वतः जंगलातल्या गावचे. त्यांनी माहिती काढून ग्रुपवर टाकली, "भाऊ, सातमधी जंगल राखलं तर जास्त भेटते. मोहासारखं एक झाड बी हाये." आक्षेप बाद. मग भाऊ म्हणाले, त्याला सतत नेट लागतं. डॉक्टर म्हणाले, आता आमच्या गावात टॉवर झाला. मग भाऊ म्हणाले, त्यात प्रत्येक चालीला दोनच मिनिटं देतात. "दोन मिनिटांत राजानं काय इचार करावा? मी दोन मिनिटांत बस बी नाई सोडत." चंद्रपूरवाले हसून लोळले. शेवटी मंडळानं ठरवलं: सगळ्यांनी सातवर जायचं, फक्त आमच्या तिघांचा नांगर चारचा डाव सहा वर्षं लोंबकळतो आहे, तो आधी संपवा.

मी भाऊंच्या विरोधात मत दिलं, हे कबूल करते. वर्षभरापूर्वी माझी बदली गडचिरोलीला झाली. मधल्या वर्षांत लग्न झालं होतं; आता घर, नवरा, बालवाडीत जाणारी लेक. बसस्थानक घरापासून दहा मिनिटांवर, तरी भाऊ त्यांची पाळी डबीतूनच, सोमवारीच द्यायचे आणि माझी गुरुवारीच परत घ्यायचे. मला त्याचा कंटाळा आला होता. डाव संपवू म्हटलं की भाऊंना काहीतरी काम निघायचं, चष्मा सापडायचा नाही, यात्रेच्या जादा गाड्या असायच्या.

अखेर एका रविवारी डॉक्टर बैठकीसाठी गडचिरोलीला आले, तेव्हा आम्ही भाऊंना स्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर गाठलं. मी लॅपटॉप उघडला. डॉक्टर चहा ढवळत राहिले, मग एकदम म्हणाले, "भाऊ, एक गुन्हा झाला माह्या हातून. मी तुमची पाळी उघडून पाह्यली."

भाऊंचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "पाहा, मॅडम. तुमच्या राजधानीले चारी बाजूनं वेढा हाये. चार वर्सं झाले. हे कवाच जिंकले असते. दर आठवड्याले फौज एक घर पुढं नेते आनि पुढच्या आठवड्याले एक घर मागं आनते."

मी पाहिलं. माझ्या पाळीत भिंतीपलीकडची फौज दिसतच नसे; इथं सगळी दिसत होती. खरंच होतं. मला आधी रागच आला. चार वर्षं मी डोकं फोडून भिंती बांधत होते आणि हा माणूस दारात कवायत करत होता! मी म्हटलं, "भाऊ, काऊन असं? मी काय लहान लेकरू आहे, जिंकू दिल्यासारखं करायला?"

"जिंकू कुठी देल्लं," भाऊ हळूच म्हणाले. "संपू नाई देल्लं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुमी एका चिठ्ठीत लिवलं होतं, मॅडम. पयल्याच वर्साले. 'हा डाव संपला की मी नोकरी सोडून घरी जाते.' तुमाले नसन आठवत."

मला खरंच आठवत नव्हतं.

"तुमच्या आधी तिथी तीन लॅबवाले आले आनि गेले. मी खिडकीत बसतो ना जी, मले दिसते. ताप भरलेलं लेकरू घेऊन बाया तिथून इथवर येत. नुसतं रक्त तपासाले. उतरल्या का मलेच विचारत, दवाखाना कुठी हाये. तुमी गेल्या आनि त्या यायच्या बंद झाल्या. मले वाटलं, ह्या मॅडम टिकल्या पाह्यजे. माह्या हाती दुसरं काय होतं? डाव होता. तो लांबवला."

डॉक्टर दुसरीकडं पाहू लागले. मी पाच वर्षं त्या गावात राहिले. रक्ताच्या हजारो काचपट्ट्या तपासल्या, मोडकीतोडकी गोंडी शिकले, त्या गावानं मला लेकीच्या बारशाला टोपलीभर मोहफुलं दिली. हे सगळं मी माझ्या हिमतीवर केलं असं आजवर लोकांना सांगत आले होते. आणि या माणसानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"पण आता मी इथंच आले ना, भाऊ," मी म्हटलं. "वर्ष झालं. मग आता का लांबवता?"

भाऊंनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "आता माह्यासाठी. बायको जाऊन दहा वर्सं झाली, लेक पुण्याले. सोमवारी डबी जाते, गुरुवारी येते. मधात मी इचार करतो, मॅडम काय करत असतीन, डॉक्टर काय करत असतीन. या दिवाळीले मी रिटायर होतो. खिडकी बी जाईन. डाव संपला का कोन कोनाले काय पाठवते, सांगा?"

पाळी माझी होती. मी माझ्या राजधानीतले सगळे शिपाई बाहेर काढले आणि वेशीचं दार उघडं ठेवलं. मग लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला. "घ्या, भाऊ. जिंका."

"नको जी."

"जिंका म्हणते ना."

त्यांनी वीस मिनिटं घेतली. दोन चहा झाले. शेवटी एका बोटानं त्यांनी फौज एक घर पुढं नेली, वाजंत्री वाजली, पडद्यावर त्यांचं नाव आलं. भाऊंनी त्याकडं पाहिलंच नाही. ते माझ्याकडं पाहत होते, मी उठते का ते पाहत होते.

मी उठले नाही. म्हटलं, "संपला डाव. आता रविवारी घरी जेवायला या. दर रविवारी. खेळ असो, नसो. तुमच्यामुळं मी माणसांत राहिले, भाऊ."

त्यांनी नियंत्रकाच्या आवाजात विचारलं, "किती वाजता?"

"एक वाजता."

पुढच्या रविवारी बाराच्या सुमारास लेक खिडकीतून ओरडली, "आई, बसवाले आजोबा समोरच्या कडुलिंबाखाली कधीचे उभे आहेत." मी डोकावून पाहिलं. धुतलेला पांढरा सदरा, हातात केळ्यांची पिशवी, आणि दर थोड्या वेळानं मनगटावरच्या घड्याळाकडं नजर. भाऊ एक वाजायची वाट पाहत होते.

मी दार उघडलं आणि हाक मारली, "भाऊ, एक वाजला. या आत."