ज्ञानदीपचं लग्न सेटरनं ठरवलं

"एकदा सेटर लिहिला ना भिया, की बिघडायचा सवालच नाही!" विजय नगरच्या ऑफिसात ज्ञानदीपनं शेजारी बसणाऱ्या रजतला ऐकवलं. आता काय बोलावं या मुलाला!

समाजातल्या लग्नाळू मुलामुलींचं ॲप होतं. त्यात कुणाचीही माहिती बदलायची तर थेट हात लावायचा नाही, प्रोग्राममधल्या सेटर नावाच्या मेथडला सांगायचं. डब्यातला लाडू आईकडे मागून घ्यावा, तसं. बाकी सगळी दारं ज्ञानदीपनं स्वतः बंद केली. वर नसती हौस! लग्नाची स्थिती बदलली की सेटरनं सगळ्या सदस्यांना निरोप धाडायचा.

दिवसभर काम करून डोकं भणभणलेलं. तपासायला म्हणून त्यानं स्वतःच्याच नावावर 'लग्न ठरलं' टाकलं. चालू ॲपवर!

लगेच सिमरोलहून पंचशीलाचा फोन. तिला बघून आल्यापासून बिचाऱ्याची झोप उडाली होती, आणि तिचं उत्तर रविवारी यायचं होतं.

"ज्ञानदीपजी, मुबारक हो! कोण आहे ती?"

"अहो, कोणीच नाही! टेस्टिंग होतं!"

"मग काढा ना ते!"

काढलं. पण काढायचं तेही सेटरमधूनच! 'ज्ञानदीपचं ठरलेलं लग्न मोडलं,' सगळ्यांना निरोप. महूहून वडिलांचा, माजी सुभेदार आनंदरावांचा, आवाज गरजला, "कुणी मोडलं? नाव सांग फक्त!"

"टेस्टिंग, बाबा!"

"अरे यार, सीधा आत जाऊन बदल ना," रजत म्हणाला.

"कसा जाऊ? मीच बंद केलंय सगळं!"

घाबरून त्यानं 'बोलणी चालू' टाकलं. पुन्हा पंचशीला. "आता आणखी कुणाशी बोलणी?"

आ बैल मुझे मार, दुसरं काय! सगळ्या नातेवाइकांना 'टेस्टिंग, टेस्टिंग' सांगून घसा बसला. शेवटी थकून त्यानं स्कूटर काढली, सिमरोल गाठलं आणि तिच्या आईबाबांसमोरच बोलून टाकलं, "मला दुसरी कोणी नकोय. तुम्ही नाही म्हणालात तर फार वाईट वाटेल मला."

पंचशीला त्याच्या धुळीनं माखलेल्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. मग खुदकन हसली.

"हो म्हणते. पण आत्ता माझ्यासमोर टाका, 'लग्न ठरलं'."

त्यानं आनंदानं टाकलं. निरोप सगळीकडे गेला. दोघं फोनकडे डोळे लावून बसली. अभिनंदनाचा एकही निरोप नाही! बऱ्याच वेळानं कौसल्या आत्याचं एकुलतं एक उत्तर आलं:

"हो बेटा, चालू दे तुझं टेस्टिंग."