एकशे त्रेचाळीस लिंका, शून्य ओळी

"पायथन? दोन दिवसांत शिकतो!" मी साहेबांसमोर चुटकी वाजवली. बारा वर्षं जावात प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाला दुसरी भाषा म्हणजे काय, चपला बदलण्याइतकं सोपं! शुक्रवारी छोटासा प्रोग्रॅम चालवून दाखवला की नवं काम माझं. नाही तर शेजारच्या टेबलावरच्या टकलूचं!

पण शिकायचं तर साधन उत्तम हवं ना? सोमवारी इंटरनेटवर शोधायला बसलो. एक जण म्हणतो, व्हिडिओ बघा. दुसरा म्हणतो, व्हिडिओ बघाल तर जन्मभर बघतच बसाल. तिसरा म्हणतो, पुस्तक घ्या. पुस्तक म्हणतं, आधी आमचं दुसरं पुस्तक वाचा! डोक्याचा पार लोकरीचा गुंता झाला. मग मी सरळ तक्ता केला. उत्तम ते हिरवं, बरं ते पिवळं, संशयास्पद ते लाल. बुधवारपर्यंत एकशे त्रेचाळीस लिंका! शिकलो एक अक्षरही नव्हतो, पण रंग काय खुलले होते!

तक्ता ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. "यातलं आधी काय घेऊ?" हे टाइप करेपर्यंत बावीस अंगठे आले, आणि साहेबांचा फोन!

"अहो, एवढा अभ्यास? शुक्रवारी तुम्ही सगळ्यांचा वर्गच घ्या!"

"साहेब, मी खरं तर..."

"लाजू नका हो!"

मागून टकलू ओरडला, "मी पहिल्या रांगेत!"

मेलो!

घरी बायकोनं विचारलं, "शिकलात?"

"शोधतोय."

"अजून?"

सासूबाई आमच्याकडेच राहतात. तीस वर्षं टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा चढवून माझा तक्ता पाहिला. "जावईबापू, यातलं पहिलं उघडू?"

"छे! ते पिवळं आहे!"

"मग काय, चावतं?"

गुरुवारी ऑफिसातून आलो तर घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रश्न: 'सकाळची गोळी घेतली?' मी 'नाही' लिहिलं. उत्तर आलं: 'मग बसलात काय? उठा!'

"हे... हे चालतंय कसं?"

"धडा चौथा," सासूबाई म्हणाल्या.

"आणि बाकीच्या एकशे बेचाळीस लिंका?"

"त्या कशाला? एकीतच सगळं होतं की!"

शुक्रवारी मी छाती काढून जाहीर केलं, "आज खास बाहेरच्या तज्ज्ञ!" आणि व्हिडिओ कॉल जोडला. "आधी पाठी ताठ!" सासूबाई कडाडल्या. साहेबांसकट अख्खं ऑफिस ताठ! तासाभरात टकलूचा प्रोग्रॅम चालला. साहेब खूश. नवं काम तिथल्या तिथे टकलूला.

"आणि तुमचा प्रोग्रॅम?" साहेबांनी मला विचारलं.

माझ्या पडद्यावर तक्ताच उघडा होता. त्यात मी नुकतीच नवी ओळ घातली होती. क्रमांक एकशे चव्वेचाळीस: सासूबाई. दुपारच्या झोपेनंतर उपलब्ध. फक्त हिरवा द्यावा की गडद हिरवा, तेवढंच ठरत नव्हतं!