पंख्याची कुरकुर

या घरात आता एक तर पंखा राहील नाहीतर मी, असं टिटवीनं सकाळीच जाहीर केलं. आईनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "बरं. मग जेवायला आहेस का?"

टिटवी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. जन्मली तेव्हा तिनं असा काही टाहो फोडला की आजोबांनी तिथल्या तिथे तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली, आणि खरं नाव कॉलेजच्या हजेरीपुरतं उरलं. तीच टिटवी आता शांततेच्या मागे हात धुऊन लागली होती. तिला आवाज टिपायचा नाद होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं पोहायला जातात, आइस्क्रीम चापतात, दुपारभर लोळतात. टिटवी हे सगळं मन लावून करायची, पण तिचा खरा जीव अडकला होता पाण्याच्या ग्लासात. गार पाण्यात बर्फाचा खडा टाकला की तो बारीक तडकतो आणि ग्लासाच्या कडेला लागून किणकिणतो. उन्हाळ्यात याहून सुंदर काही नाही, असं तिचं ठाम मत होतं. बाबांनी बसच्या शेवटच्या थांब्यावरच्या दुकानातून तिला एक छोटा माइक आणून दिला होता. तो मोबाइलला जोडून ती ग्लासासमोर अशी बसायची की जणू ग्लास आता काहीतरी बोलणार आहे.

त्यातच रेडिओ केंद्रानं स्पर्धा ठेवली. 'उन्हाळ्यातली माझी आवडती गोष्ट', तीन मिनिटं, फक्त आवाजात. ज्याचं निवडतील त्याला सुट्टीभर स्टुडिओत काम शिकायला मिळणार होतं. टिटवीला तर स्वप्नातही स्टुडिओच दिसायला लागला. पाठवायचा शेवटचा दिवस आजचा होता, संध्याकाळी सहाच्या आत, आणि तिच्याकडे पाठवण्याजोगं काही म्हणजे काही नव्हतं. कारण प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये बर्फाच्या मागे एकच सूर होता. कुर्र-टक, कुर्र-टक, कुर्र-टक.

हा बाहेरच्या खोलीतला पंखा. तो टिटवीच्या आधी घरात आला होता, त्यामुळे तिच्याशी मोठ्यासारखंच वागायचा. आणि तो बंद करायची सोय नव्हती, कारण दुपारभर त्याच्याखाली बाबा झोपायचे. बाबा रात्रीची लांब पल्ल्याची बस चालवत. सकाळी घरी येऊन, जेवून ते आडवे व्हायचे ते संध्याकाळी उठायचे. घरात बाबांचा एकच नियम होता, आणि तो ते नियमासारखा न सांगता आभार मानल्यासारखा सांगायचे. "रात्री चाळीस माणसं माझ्या भरवशावर झोपतात. म्हणून दुपारी मी तुमच्या भरवशावर झोपतो."

आजपर्यंत एकाही दिवशी हा भरवसा मोडला नव्हता.

"पंख्याचं सोड," टिटवी चहाचा कप आपटत म्हणाली, "या घरात माझ्या कामाची कदर आहे का कुणाला? तुझं शिलाई मशीन खडखडतं. आजोबा शिंकले की खालच्या मजल्यावरचं बाळ उठतं. आणि हल्ली तर आजोबा उठसूट जिन्यात जाऊन गप्पा मारत बसतात, दाराची कडी वाजते ती वेगळीच."

आजोबांनी आईकडे पाहिलं. आईनं आजोबांकडे पाहिलं. मग आई तयार कपड्यांची पिशवी उचलून म्हणाली, "मी हे पोचवून येते. आधीच गिऱ्हाइकं बोंबलतायत, या आठवड्यात काम मागे पडलंय."

टिटवीनं रागाच्या भरात मोबाइलमधली सगळी रेकॉर्डिंगं पुसून टाकली. उरलं एकच, कालचं. काल ती मोबाइल ओट्यावर चालू ठेवून आतल्या खोलीत गेली होती, ती पुस्तक तोंडावर घेऊन तिथेच झोपली. रेकॉर्डिंग तासन् तास चाललं. सुरुवातीलाच कुर्र-टक ऐकू आल्यावर तिनं पुढचं ऐकण्याची तसदी घेतली नव्हती, आणि आता पुसायच्या आतच तिला आईच्या मशीनशेजारी तेलाची बुधली दिसली.

"आजोबा," ती म्हणाली, "स्टूल धरता?"

"धरतो. पण पडलीस तर माझं नाव सांगू नकोस."

बाबा आंघोळीला गेले होते. टिटवी स्टुलावर चढली, दांडी पंख्याच्या पोटात शिरते तिथे बुधलीचं टोक लावलं आणि दाबलं. किती दाबायचं हे तिला ठाऊक नव्हतं. आजोबा म्हणाले, "पिऊ दे बिचाऱ्याला, इतक्या वर्षांचा तहानलेला आहे." म्हणून तिनं बुधली रिकामीच केली.

मग बटण दाबलं. पंख्यानं पहिल्याच फेरीत अर्धं तेल खोलीभर वाटून टाकलं. थोडं आजोबांच्या टकलावर पडलं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. थोडं मात्र खुंटीवरच्या बाबांच्या गणवेशाच्या शर्टावर पडलं, अगदी छातीवर, ओळीनं. दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. टिटवीनं शर्ट मोरीत नेऊन साबणानं खसाखसा घासला आणि उन्हात टाकला. बाबा डोकं पुसत बाहेर आले तेव्हा त्यांना दोरीवर शर्ट दिसला.

"टिटवे, तू धुतलास?"

"हो. म्हटलं, तुम्ही दमून येता."

बाबांचे डोळेच भरून आले. टिटवीला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. पण ती न दुभंगता एक चमत्कार मात्र झाला होता. पंखा फिरत होता आणि त्याचा काडीचाही आवाज येत नव्हता.

आई परत आली तर दारातच थबकली. "लाईट गेली का गं?"

"नाही, पंखा चालू आहे."

आईनं वर पाहिलं, खाली पाहिलं, टिटवीनं पाठीमागे लपवलेली रिकामी बुधली पाहिली, आणि पिशवी खुंटीला अडकवली. बाबा जेवले आणि पलंगावर आडवे झाले. टिटवीनं स्वयंपाकघरात ग्लास मांडला, बर्फ काढला, माइक जोडला. आता कसं स्वर्गासारखं शांत होतं.

"अगं, पंखा का बंद केलास?" बाहेरून बाबा म्हणाले.

"चालू आहे, बाबा."

जरा वेळ गेला. "मग ऐकू का येत नाही?"

बाबांनी कूस बदलली. पलंग करकरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना पलंगाचा आवाज आला. मग घड्याळाचा आला. मग थेंब थेंब गळणाऱ्या नळाचा, आईच्या कात्रीचा, खालच्या बाळाच्या खुळखुळ्याचा. इतके दिवस पंख्यानं हे सगळं आपल्या कुरकुरीखाली झाकून ठेवलं होतं. आता झाकण निघालं होतं.

दोन वाजून गेले तरी बाबा टक्क जागे. टिटवीनं बर्फाचा नाद सोडला आणि बाहेर येऊन बसली. आईनं कोमट दूध दिलं. बाबांनी ते पिऊन आईचे आभार मानले आणि जागेच राहिले. आजोबा म्हणाले, "लहानपणी याला गोष्ट सांगितली की झोपायचा." त्यांनी उशाशी बसून गोष्ट सुरू केली आणि राजा शिकारीला निघेपर्यंत स्वतःच झोपले. बाबांनी त्यांच्या मानेखाली आपली उशी सरकवली.

"प्रवासी मोजून बघा," टिटवी म्हणाली, "मेंढ्या मोजतात तसे."

बाबांनी डोळे मिटून मोजायला घेतलं. थोड्या वेळानं ते ताडकन उठून बसले. "एक कमी भरतोय. मागच्या थांब्यावर कुणी राहिलं की काय?"

आली होती ती थोडीफार झापडही गेली. आजोबा दचकून जागे झाले आणि त्यांनी नवी युक्ती काढली. भिंतीतल्या कपाटाचं दार कुरकुरायचं. ते ताला-तालात हलवायला लागले. बाबांचे डोळे जड झाले, मान कलली, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि तेवढ्यात आजोबांचा हात अवघडला.

"अण्णा," बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "ताल सुटतोय."

शेवटी आईनं वायरमनला फोन लावला. टिटवीनं सगळा गुन्हा कबूल केला. वायरमननं तिला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "ताई, लोक मला कुरकुर घालवायला बोलावतात. आणायला आजवर कुणी बोलावलं नाही. थांबा, पावसाळ्यापर्यंत तेल सुकेल."

बाबा उठून बसले आणि त्यांनी चप्पल पायात सरकवली. "डेपोत कळवून येतो. झोप न काढता मी स्टेअरिंग धरणार नाही. बदली ड्रायव्हर मिळाला तर ठीक."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर गाडी जाणार नाही. सुट्टीचे दिवस आहेत, लोक आपापल्या घरी निघालेत." बाबा रागावले नव्हते. रागावले असते तर परवडलं असतं. ते नुसते पायांकडे बघत बसले होते, आणि टिटवीला वाटलं की आपण एका बुधलीत चाळीस माणसांना रस्त्यावर उभं केलं. एवढ्याशा बर्फापायी तिनं बाबांचा भरवसा मोडला होता.

आणि मग तिला आठवलं. कालचं एक रेकॉर्डिंग पुसायचं राहिलं होतं.

"बाबा, पाचच मिनिटं आडवे व्हा," ती म्हणाली. तिनं स्पीकर कपाटावर, पंख्याच्या जवळात जवळ ठेवला, मोबाइल जोडला आणि आवाज वाढवला.

कुर्र-टक. कुर्र-टक. कुर्र-टक.

बाबांच्या कपाळावरची आठी मिटली. "झाला वाटतं नीट," ते पुटपुटले, आणि घोरायला लागले. आजोबांनी घाम पुसला. आई भिंतीला टेकून खालीच बसली.

टिटवी कपाटाजवळ स्टुलावर राखणीला बसली. मोबाइल मध्येच बंद पडू नये म्हणून ती कान देऊन ऐकत होती. बर्फ एकदा किणकिणला. मग नुसती कुर्र-टक. आणि त्या कुर्र-टकच्या मागे हळूच कुणीतरी "आ... आ..." करायला लागलं. अनवाणी पावलं धावली, कडी निघाली, दूर जिन्यात कुठेतरी एक प्रचंड शिंक फुटली. कडी पुन्हा लागली.

"झाली का?" रेकॉर्डिंगमध्ये आई कुजबुजली.

"एक झाली," आजोबा कुजबुजले. "दुसरी दाबून धरलीय."

टिटवीनं मागे वळून पाहिलं. खरेखुरे आजोबा एकदम छताचं निरीक्षण करायला लागले.

पुढे टिक असा आवाज आला. बऱ्याच वेळानं पुन्हा टिक. आई शिलाई मशीनचं चाक हातानं फिरवत होती, एकेक टाका. मग पलंग करकरला आणि बाबांचा दबका आवाज आला. "अगं, पाणी देतेस?"

"देते, पण नळ फार वाजतो हो. तिचं चालू आहे ओट्यावर."

"मग राहू दे. उठल्यावर पिईन. कधीपर्यंत द्यायचंय तिला?"

"उद्या शेवटचा दिवस."

"अण्णा, उद्यापर्यंत कळ काढा. आणि तिला कुणी बोलू नका, उगाच पोर संकोचेल. नळ नीट बंद आहे ना?"

"आहे," पलंगावरचे खरे बाबा झोपेतच म्हणाले आणि कुशीवर वळले.

सकाळी चहाचा कप आपटून तिनं याच माणसांना विचारलं होतं की माझ्या कामाची कदर आहे का कुणाला. एक जिन्यात जाऊन शिंकत होता, एक हातानं शिवत होती, आणि एक रात्रभर बस चालवून आलेला माणूस तहानलेला परत झोपला होता. ती उठली, तांब्यात गार पाणी भरलं, त्यात बर्फाचा खडा टाकला आणि तांब्या बाबांच्या उशाशी ठेवला.

"तेवढं आमचं बोलणं कापून टाक गं," आई हळूच म्हणाली, "बरं दिसत नाही."

"आणि तुझी वेळ चालली," आजोबा म्हणाले. "मोबाइल काढ नि पाठव काहीतरी."

"मोबाइल काढला तर बाबा उठतील."

"मग स्टुडिओ?"

"जाऊ दे," टिटवी म्हणाली, आणि तिला खरंच काही वाटलं नाही.

बाबा नेहमीच्या वेळेला आपोआप उठले. उशाशी पाणी बघून त्यांनी तांब्या तोंडाला लावला, तो खाली ठेवेपर्यंत रिकामा झाला होता. "काय झोप लागली," ते म्हणाले, आणि कडक वाळलेला शर्ट चढवून, सगळ्यांना हात करून कामावर निघाले. सहाला थोडाच वेळ उरला होता. टिटवीनं मोबाइल खाली घेतला, शिंकेपासून पुढची तीन मिनिटं कापून वेगळी काढली, वर 'उन्हाळ्यातली माझी आवडती गोष्ट' असं लिहिलं आणि पाठवून दिली. आईचं बोलणं तिनं कापलं नाही.

काही दिवसांनी रेडिओ केंद्रातून फोन आला. तो आईच्या फोनवर आला, कारण टिटवीचा मोबाइल आता रोज दुपारी कपाटावर कामाला असायचा. पलीकडच्या बाई फार गोड बोलत होत्या. "तुमचं रेकॉर्डिंग आम्हाला खूप आवडलं. त्या शिंकेला तर सगळा स्टुडिओ हसला. निवड झालीच म्हणून समजा. एक छोटीशी अडचण आहे. मागे तो पंखा फार कुरकुरतो हो. तेवढा आवाज काढून पाठवता का?"

टिटवीनं वर पाहिलं. पंखा मुकाट्यानं फिरत होता, कपाट कुरकुरत होतं आणि बाबा घोरत होते.

"नाही हो, तो नाही काढता येणार," ती कुजबुजली. "त्याच्यावर चाळीस माणसं झोपतात."

पलीकडे एकदम शांतता पसरली. अशी स्वच्छ शांतता टिटवी सुट्टीभर शोधत होती, आणि आता नेमका तिचा मोबाइल मोकळा नव्हता.