हातानोंची रंगीत तालीम

संत्रं सोलत असलेल्या नवऱ्याने बायकोच्या बोलण्याला नुसतं "हं" म्हणू नये. अर्धं लक्ष सालीत आणि अर्धं टीव्हीत असलेल्या माणसाचं "हं" बायका लेखी करारासारखं जपून ठेवतात. योशिओ हातानोंना हे लग्नाला सत्तावीस वर्षं होऊनही कळलं नव्हतं.

जानेवारीतली संध्याकाळ होती. चिनात्सु म्हणाली, "लेक लग्न होऊन ओसाकाला गेली. आता आपण दोघं एक व्हॅन घेऊन ह्युगापर्यंत जाऊ. वाटेत चांगली लाट दिसेल तिथे थांबायचं, गाडीतच राहायचं. काय?"

"हं," हातानो म्हणाले आणि संत्र्याची फोड तोंडात टाकली. संपलं!

चिनात्सु ह्युगाची. घराच्या मागल्या दारात समुद्र. चोविसाव्या वर्षापर्यंत पोरगी सर्फिंगची फळी काखेत मारून लाटांवर नाचत होती, आणि मग लग्न होऊन आली कुठे, तर सायतामात. सायतामाला समुद्राचं टीचभरही टोक नाही. हातानो तिथल्या कावागोए शहराच्या नगरपालिकेत पाणीपुरवठा खात्यात कारकून. (पाण्याशी त्यांचा संबंध मीटरच्या आकड्यापुरता. पोहता येत नाही, हे त्यांनी खात्यात कोणाला कळू दिलं नव्हतं.)

ऑगस्टमध्ये मेहुण्याची पांढरी कॅम्पर व्हॅन खरोखरच दारात येऊन उभी राहिली. आत घडीचा पलंग, खिडक्यांना पडदे, टपावर फळी. तेव्हा कुठे हातानोंना जानेवारीतलं आपलं "हं" आठवलं. घाबरल्यावर माणसं देवाला नमस्कार करतात; हातानो फाईल उघडतात. पंधरा दिवसांत फाईल चांगली जाडजूड झाली. भरती-ओहोटी, वादळं, शार्क, भूकंप झाल्यास कोणत्या टेकडीवर पळायचं, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक स्वच्छतागृहाच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळा.

चिनात्सुने पानं चाळली. "हे काय? 'सकाळी सहा चाळीस ते सात दहा: लाट'?"

"अर्धा तास पुरे नाही का?"

"अहो, लाट काय तुमच्या ऑफिसात सही करून येते?" ती हसली, मग हसू जरा आवरून म्हणाली, "आणि या अख्ख्या फाईलीत तुम्ही पाण्यात कुठेच नाही. सगळीकडे 'योशिओ: किनारा, छत्रीखाली'. तसंच असेल तर घरीच राहा. मी माझ्या मैत्रिणीला नेते. चिआकी केव्हाची मागे लागलीय."

हे हातानोंना लागलं. "कोण म्हणतं मी पाण्यात उतरणार नाही? मीसुद्धा लाटेवर उभा राहणार!" ते बोलून गेले. (रागात बोललेलं वाक्य फाईलमध्ये दुरुस्त करता येत नाही.)

मेहुण्याने आपला जुना वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा रबरी पोशाख, पाठवून दिला. मेहुणा उदबत्तीसारखा आणि हातानो भरताच्या वांग्यासारखे. पण कपड्याला दोष देण्याआधी घालून बघावा, आणि व्हॅनच्या अरुंद जागेत कपडे बदलायला किती मिनिटं लागतात तेही मोजावं, म्हणून शनिवारी दुपारी चिनात्सु दवाखान्यात कामाला गेलेली असताना ते खाली उतरले.

त्यांच्या इमारतीत पार्किंगचं यंत्र आहे. तीन लोखंडी फळ्या एकावर एक, प्रत्येकीवर एक गाडी. तळघरातली गाडी हवी असली की बटण दाबायचं. वरच्या दोन्ही गाड्या आणखी वर जातात आणि खालची जमिनीशी येते. व्हॅन मधल्या फळीवर, म्हणजे जमिनीवर उभी होती. हातानो आत शिरले, पडदे ओढले, घड्याळ लावलं.

पाय गेले. पोट श्वास कोंडून गेलं. मग हात घातले, आणि तिथे घोडं अडलं. दोन्ही हात कोपरापर्यंत शिरले आणि तिथेच रुतले. ना पुढे, ना मागे. रिकाम्या बाह्या हत्तीच्या सोंडेसारख्या लोंबत राहिल्या. आणि त्याच क्षणी व्हॅन थरथरली.

"भूकंप!" हातानोंनी लगेच फाईलप्रमाणे उशीत डोकं खुपसलं. थरथर थांबली. त्यांनी दातांनी पडदा सरकवला. समोर पहिल्या मजल्याची गॅलरी होती आणि वाळत घातलेल्या चादरी त्यांच्याशी डोळे भिडवून उभ्या होत्या.

खाली शेजारच्या इनोकुमा काकू बटण दाबून आपली तळघरातली छोटी गाडी बाहेर काढत होत्या. त्या निघून गेल्या तर संध्याकाळपर्यंत कोणी फिरकणार नाही! हातानो सरपटत पुढच्या सीटवर पोचले आणि हात नसल्यामुळे कपाळानेच हॉर्न दाबला. काकूंनी वर पाहिलं. काचेमागे काळं, चकचकीत, बिनहाताचं काहीतरी डोकं आपटत होतं.

"अगं बाई! ओनोगी गुरुजी, धावा! हातानोंच्या गाडीत सील मासा शिरलाय!"

ओनोगी गुरुजी म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, निवृत्त शाळामास्तर. ते नियमांचं पुस्तक घेऊनच आले.

"कोण आहे वर?"

"मी हातानो!" फटीएवढ्या उघड्या खिडकीतून आवाज आला. "बटण दाबा आणि खाली घ्या!"

गुरुजींनी पान उलटलं. "नियम अकरा. गाडीत माणूस असताना यंत्र चालवू नये. तुम्ही आधी बाहेर या, मग मी तुम्हाला खाली घेतो."

"पण खाली आल्याशिवाय मी बाहेर कसा येऊ?"

"त्याबद्दल पुस्तकात काही नाही."

पस्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला वाद घालायला जागाच उरली नव्हती. "नियम बरोबर आहे, गुरुजी," ते पडेल आवाजात म्हणाले.

यंत्राच्या मिस्त्रीला फोन गेला. तो दीड तासाने येणार होता. तोवर खाली आठ-दहा माणसं जमली. आणि त्यांच्यात, दवाखान्याच्या गुलाबी गणवेशात, चिनात्सु येऊन उभी राहिली. तिने एकदाच वर पाहिलं, पर्स काकूंच्या हातात दिली आणि यंत्राच्या कडेची लोखंडी शिडी चढायला लागली.

"हातानो ताई, वर जायला बंदी आहे!"

"मी कुठे यंत्र चालवतेय, गुरुजी? नवऱ्याला भेटायला चाललेय."

ती आत आली, दार लावून घेतलं आणि पलंगावर बसली. हातानो घामाने निथळत होते. ती त्यांना सोडवायला मुळीच पुढे झाली नाही.

"हे कशासाठी केलंत?"

"किती मिनिटं लागतात ते..."

"खरं सांगा. समुद्राची भीती वाटते ना?"

"वाटते," हातानो म्हणाले. मग खाली बघत, अगदी हळू, "पण ती एवढी नाही. तिकडे गेल्यावर तुला परत यावंसंच वाटलं नाही तर? सत्तावीस वर्षं तुला मी इथे, डबक्याकाठी... मी काय करू मग?"

खाली कोणीतरी हसलं. चिनात्सु मात्र हसली नाही. ती त्या रबरात कोंबलेल्या माणसाजवळ सरकली.

"परत यायचं नसतं तर मी एकटी आगगाडीने गेले असते," ती म्हणाली. "पलंगवाली गाडी कशाला मागवली असती? आणि तोही दोघांचा पलंग?"

हातानोंना नाक पुसायचं होतं, पण हात नव्हते. तिनेच आपल्या रुमालाने पुसलं.

"आणि अहो, हा उलटा घातलाय. चेन पाठीवर असते."

तिने पाय रोवून, दात-ओठ खात त्यांना त्या कातडीतून सोलून काढलं. मोकळे झाल्यावर हातानो शिडीने उतरू शकले असते, पण त्यांनी शिडीकडे एकदा पाहिलं आणि मिस्त्रीची वाट बघणंच पसंत केलं. दोघं वरच बसून बार्लीचा गार चहा प्यायली. गुरुजी खाली पुस्तक उघडून पहारा देत होते.

सप्टेंबरात ती दोघं निघाली. फाईल घरी राहिली; चिनात्सु ती मुद्दाम विसरली. ह्युगाला तिच्यासाठी लाटा होत्या, आणि पन्नाशीतली ती बाई अशी उभी राहिली की किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी जाळी खाली ठेवून बघितलं. हातानोंनी नवशिक्यांच्या वर्गात नाव घातलं. बाकीचे विद्यार्थी सहा ते नऊ वर्षांचे. तीन दिवस ते नेमाने पाण्यात जात आणि नेमाने वाळूवर परत येत. फळी त्यांच्या आधी येई.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला छापील प्रमाणपत्र मिळालं. नाव, तारीख, आणि खाली 'किती लाटांवर उभे राहिले' असा रकाना. शिकवणारे गुरू फार सभ्य. वडीलधाऱ्या माणसासमोर शून्य लिहायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी बराच विचार केला, पेन दोनदा झटकलं, आणि हातानोंच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं: 'हवा छान होती.'